बाहीचं माप

१

रोज सकाळी खोलीचं कुलूप काढलं की थोरली सगळ्यात आधी मशीनची झूल उतरवायची. झूल म्हणजे उरल्यासुरल्या लोकरीची, सतराशे साठ रंगांची, तिनेच विणलेली. थंडीत विणकामाच्या मशीनचं तेल घट्ट होतं, सुयांवरून इकडून तिकडे धावणारा गाडा अडखळतो आणि टाके गळतात. म्हणून रात्री मशीन झाकायचं, सकाळी त्याला हात लावून बघायचा, अंग कोमट लागलं तरच गाडा सोडायचा. ही तिच्या नवऱ्याची शिस्त. नवरा गेला, शिस्त मागे राहिली.

धाकटी जाऊ हसायची. "ताई, पोटच्या मुलांना एवढं पांघरूण घातलं नसेल तुम्ही!"

"मुलं रडून सांगतात गं. हे पडलं मुकं."

धाकटीला हे हसणं परवडत होतं, कारण तीही दिवसातला निम्मा वेळ याच खोलीत बाह्या आणि पाठी जोडत बसलेली असायची. दोघी जावा एकीकडे हात चालवायच्या, दुसरीकडे तोंड. जगात दोन जावांचं पटतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण त्यांचं पटत होतं. मशीनच्या खडखडाटात भांडण नीट ऐकू जात नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

तर अशा सुरळीत संसारात छतातून पाणी गळलं. वरच्या टाकीचा पाइप फुटला आणि पाण्याची धार मशीनवर न पडता नेमकी शेजारच्या लॅपटॉपवर पडली. मशीनला काय विणायचं हे तो लॅपटॉप सांगायचा. जुनापुराणा, विटेएवढा जाड, पाठीला दाते असलेलं रुंद सॉकेट. मशीनची वायर फक्त त्याच सॉकेटात बसायची. नव्या लॅपटॉपांना तसं सॉकेट नसतंच. लॅपटॉप गेला म्हणजे मशीनची जीभच गेली.

शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर अर्धी पडून होती. आणि भावोजी, म्हणजे तिचा दीर, धाकटीचा नवरा, टपूनच बसले होते. त्यांचा फरशांचा व्यापार. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या ताब्यात मोकळी जागा दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं.

"वहिनी, शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर मशीन हललं तर खोली तुमची. नाही हललं तर मला ती फरशांना हवी आहे. मग म्हणू नका, सांगितलं नाही."

"असं कशाला म्हणेन भावोजी? तुम्ही सांगितलेलं चौकापर्यंत ऐकू जातं."

ती बोलली फटकन, पण मनातून हादरली होती. मशीन गेलं तरी तिला घरात राहता येणार होतं, दोन वेळचं ताट मिळणार होतं, कुणी वाकडा शब्द बोलणार नव्हतं. फक्त आता दुपारी काय करू, हे तिला कुणाला तरी विचारावं लागणार होतं. त्या विचारण्याची तिला मरणाची भीती वाटत होती.

२

जुन्या सामानाच्या दुकानात तिला डिट्टो तसाच लॅपटॉप मिळाला. तेच सॉकेट, तेच जाडजूड अंग. दुकानदार खरं बोलला, ही त्यातली पहिली विचित्र गोष्ट.

"हा चालू होत नाही बाई. सुट्या भागांसाठी हवा तर न्या. आणि परत तेवढा आणू नका."

"आधी कुणी आणला होता का परत?"

"नेतात आणि आणतात," तो म्हणाला. तो बाहेर चांगल्या उन्हात खुर्ची टाकून बसला होता आणि कोटाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली होती. थोरलीची नजर त्या कोटावर गेली. कापड चांगलं होतं, शिवण सुमार होती.

दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण तो कुठलंही यंत्र आधी कानाला लावायचा. त्याने लॅपटॉप उघडला आणि खो खो हसत सुटला. आतला पंखा लोकरीच्या तुसाने गच्च भरला होता. राखाडी, तपकिरी, मधेच कुठे लाल.

"काकू, तुमच्याकडे यायच्या आधीच हा तुमच्यातला झालाय! आधीच्या मालकाने शालीबिलीत गुंडाळून ठेवला असणार. एकेक नमुने असतात."

त्याने पंखा लख्ख केला. हा लॅपटॉप आतून रिकामाच होता. त्याची स्वतःची डिस्क कुणीतरी केव्हाच काढून घेतलेली. डॉक्टरने थोरलीच्या भिजलेल्या लॅपटॉपमधली शाबूत डिस्क काढून यात बसवली. म्हणजे आठवण सगळी तिची, अंग तेवढं परक्याचं. मग बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं. तेच.

"बोर्ड गेलाय," डॉक्टर म्हणाला. "पैसे राहू द्या. आणि चुकून चालू झालाच तर हवा खेळती ठेवा. ही यंत्रं तापून मरतात. तुमच्या त्या मशीनसारखं झाकून-बिकून ठेवू नका."

३

तरीही तिने तो खोलीत आणून मशीनच्या शेजारी ठेवला. उचलला तेव्हा जाणवलं, तो गार होता. यंत्र बंद असलं की गारच असतं, हे तिला कळत होतं. पण खोलीतली कात्री, खुर्चीचा लोखंडी पाय, खिडकीचा गज, सगळ्यांना हात लावून तिने पाहिलं. त्यातलं काहीच एवढं गार नव्हतं. हा माठाच्या पोटासारखा गार होता.

तिने चहाचा कप त्याच्याजवळ ठेवला आणि बटण दाबत बसली. दिवा लुकलुके, विझे. कपाकडे लक्ष गेलं तेव्हा चहावर साय धरली होती, आणि घोट घेतला तर चहा पार थंड. खिडकीतून वारा येत असेल, तिने स्वतःला समजावलं. खिडकी बंद होती. मग फटीतून येत असेल.

संध्याकाळी निघताना तिने सवयीने मशीनवर झूल टाकली. झुलीचं एक टोक मोकळं उरलं. डॉक्टरने काय बजावलं होतं ते तिला अक्षरन् अक्षर आठवत होतं. पण ज्या बाईने जन्मभर गार पडलेल्या यंत्राला आधी ऊब दिली, तिचा हात डॉक्टरचं थोडंच ऐकणार? तिने ते टोक लॅपटॉपवर ओढलं, कडेने नीट खोचलं, आणि गंमत म्हणून झुलीखाली हात घालून बटण दाबलं.

दिवा लुकलुकला. विझला नाही.

झुलीच्या विणीतून निळसर उजेड झिरपायला लागला. थोरलीने अशी आरोळी ठोकली की धाकटी ओल्या हातांनी धावत आली. पडद्यावर तिचा विणकामाचा प्रोग्रॅम, तिची नक्षी, तिची ऑर्डर, सगळं जागच्या जागी. दोघी जावा एकमेकींचे हात धरून मशीनभोवती गरागरा फिरल्या. दोघींच्या गुडघ्यांनी नंतर त्याचा जाब विचारला, तो भाग वेगळा.

"मेलेलं उठवलंत ताई तुम्ही!"

"मेलं नव्हतं गं. गारठलं होतं."

धाकटीने उजेड नीट दिसावा म्हणून झूल थोडी बाजूला केली. लॅपटॉप तत्काळ बंद पडला. झूल घातली, सुरू झाला. मग थोरलीने रीतसर त्याच्या मापाचा अंगरखा विणला, पडद्याला आणि किल्ल्यांना मोकळी जागा सोडून, कडेला बटणं लावून. आतला पंखा चालू असल्याचं बोटांना लोकरीतून कळायचं. एवढंच, की तो भिरभिरत नव्हता. हवा आत घ्यायचा, थांबायचा, मग सोडायचा.

जुना पंखा आहे, अडखळणारच, ती मनाशी म्हणाली. आणि पुढच्या वेळी हात ठेवताना तो तिने जरा हळूच ठेवला.

४

मशीन सुटलं ते असं सुटलं की विचारू नका. टाका गळत नव्हता, धागा तुटत नव्हता. गडद निळ्या स्वेटरांच्या पाठी, पुढच्या बाजू, बाह्या अशा भराभर उतरत होत्या की धाकटीला जोडायला हात पुरेनात. थोरलीला पुन्हा लग्न होऊन आल्यासारखं वाटत होतं. ती गुणगुणत होती, भावोजींच्या चपला दाराशी वाजल्या की मुद्दाम मोठ्याने गुणगुणत होती.

दुपारी जेवून दोघी परत आल्या तेव्हा मशीन चालूच होतं. यात नवल नव्हतं, ते चालूच ठेवलं होतं. पण एव्हाना ठरलेलं काम संपून ते थांबायला हवं होतं. खालच्या टोपलीत एक बाही उतरत होती.

"ही कितवीतली म्हणायची?" धाकटीने बाहीचं टोक धरून वर उचललं. बाही तिच्या खांद्यापासून जमिनीला टेकली आणि वर टोपलीत आणखी उरली. "ताई, ही कुठल्या वर्गातल्या मुलाची?"

"उंच मुलाची," थोरली म्हणाली. दोघी हसल्या, पण एक आधी थांबली आणि दुसरीला एकटीने हसावंसं वाटेना.

थोरलीने पडद्यावर पाहिलं. असा नमुना कुठेही नव्हता. आधीच्या मालकाचं काहीतरी आत राहिलं असेल, असं म्हणावं, तर डिस्क तिची स्वतःची. प्रोग्रॅम बिघडला म्हणावा, तर बिघडलेला प्रोग्रॅम वेडंवाकडं विणतो. ही बाही सुरेख होती. मनगटाशी पट्टी होती, वर टाके वाढत गेले होते, आणि लांबीच्या मधे दोन ठिकाणी वीण मुद्दाम सैल सोडलेली होती. एका ठिकाणी सोडतात, हे तिला माहीत होतं. तिथे कोपर येतं.

तिने मशीन थांबवून बाही सुयांवरून उतरवली. लॅपटॉपचा दिवा विझला. अंगरखा घातलेला, बटणं लावलेली, तरी विझला. काहीही केलं तरी तो उठेना. तिने त्याच्यावर अख्खी झूल घातली, स्वतःच्या अंगावरची शाल घातली. गार तो गारच. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

शनिवार तोंडावर आला होता. थोरली बराच वेळ त्या अर्धवट बाहीकडे पाहत बसली. तिला भीती वाटत होती. पण भावोजींच्या फरशा तिला त्याहून जास्त स्पष्ट दिसत होत्या, इथपासून तिथपर्यंत रचलेल्या.

"बरं बाबा," ती शेवटी मोठ्याने म्हणाली. "जेवढं आमचं विणशील त्यात तुझंही एक. पण आधी आमचं."

तिने बाहीचे टाके पुन्हा सुयांवर चढवले. दिवा लागला.

५

त्याने शब्द पाळला. आधी शाळेचे स्वेटर, मग मधेच कधीतरी त्याचं स्वतःचं. दुसरी बाही पहिलीएवढीच. पाठ अरुंद, फूटपट्टीसारखी. गळा इतका लहान की धाकटी म्हणाली, यातून मूठही जायची नाही. एवढं बोलून तिने आपली मूठ पदराखाली घेतली.

थोरलीचा एक नेम होता: विणलेलं सुटं ठेवायचं नाही. सुटं राहिलं की उसवतं. त्यामुळे ते तुकडेही तिने स्वतः बसून जोडले. धाकटीने हात लावायला नकार दिला, आणि थोरलीनेही आग्रह केला नाही. शिवण मात्र चोख घातली. काम कुणाचंही असो, नाव आपलं जातं.

तयार झालेला स्वेटर तिने लॅपटॉपजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या दोन्हीकडून जमिनीवर लोळत होत्या. घाण होतील म्हणून तिने त्या उचलून खुर्चीत दुमडून ठेवल्या, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं तर खोली उबदार. स्वेटर खुर्चीतच होता, पण खुर्ची खिडकीशी होती, जिथे सकाळचं पहिलं ऊन येतं.

तिने तो उचलला. नवा स्वेटर सपाट असतो. अंगावर वापरला, की आठ-पंधरा दिवसांनी त्याची कोपरं बाहेर येतात, तिथला आकार मग धुतला तरी जात नाही. जन्मात तिने हजारो स्वेटर पाहिले होते. वापरलेला कुठला आणि कोरा कुठला, हे ती अंधारात हात फिरवून सांगू शकत होती. या स्वेटरची कोपरं बाहेर आली होती. प्रत्येक बाहीला दोन.

तिने आतून हात घातला. काखेतली लोकर अजून कोमट होती.

जरा टेकावं, असं तिला वाटलं. पण बसायला एकच खुर्ची होती, आणि ती आता कुणाची तरी होती. ती उभ्यानेच म्हणाली, "काखेत आवळतोय का? नाही ना? मग झालं तर." आपला आवाज थरथरला नाही, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. मग तिने गाडा सोडला.

६

शनिवारी सकाळी शाळेचा शिपाई येऊन गठ्ठे घेऊन गेला. शेवटचा स्वेटर मोजला जाईपर्यंत दोघी जावा श्वास धरून होत्या. शिपाई वळणावरून दिसेनासा झाला आणि धाकटी थोरलीच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. आनंदाने, दुसरं काय. त्याच वेळी गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला.

भावोजी पुढे, भंगारवाला मागे. मशीन खडखडत होतं, नवी ऑर्डर चढली होती. भावोजी दारात थबकले. हरलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते थोरलीने मन भरून पाहून घेतलं.

"हललं ना भावोजी? मग खोली कुणाची?"

"कसली जोडाजोड करून चार दिवस चालवलंत," ते तणतणत आत आले. "आज चालेल, उद्या बंद पडेल. आणि हे काय? लॅपटॉपला कुंची? लोक हसतील वहिनी!"

"भावोजी, त्याला हात लावू नका."

"अहो, ऐका ना," धाकटी बाहेरून ओरडली.

पण ऐकतील तर भावोजी कसले. त्यांनी अंगरखा धरला आणि ओढून काढला. बटणं फरशीवर उडाली.

मशीन थांबलं. इतक्या वर्षांत थोरलीने त्या खोलीत एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. ट्यूब फडफडली. तिच्या तोंडातून श्वास पांढरा बाहेर पडला. तिने खुर्चीकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे पाहायचं तिला सुचेना. खुर्चीत स्वेटर नव्हता.

भावोजी तिच्याकडे पाठ करून उभे होते. हात दोन्ही बाजूंना चिकटलेले, मान ताठ, हनुवटी किंचित वर. शिंप्यापुढे माप देताना माणूस उभा राहतो, अगदी तसे. ट्यूब विझत-लागत असताना तिला त्यांच्या पाठीवरून जाणारी गडद निळी बाही दिसली. ती एका खांद्याकडून आली, वाकली, पाठ ओलांडून पुढे गेली आणि पुन्हा वाकली. मनगटाच्या पट्टीतून जे बाहेर आलं होतं, ते त्यांच्या उजव्या खांद्यावर, शिवणीच्या जागी, हलकेच टेकलेलं होतं. ट्यूब पूर्ण लागली तेव्हा तिथे काही नव्हतं.

भावोजी सावकाश खाली वाकले. अंगरखा उचलला. एकेक बटण शोधलं. थोरलीने सुई-दोरा पुढे केला, आणि ज्या माणसाने जन्मात स्वतःचं बटण लावलं नव्हतं, त्याने सगळी बटणं शिवून लावली, लॅपटॉपला अंगरखा घातला आणि गळ्यापर्यंत बंद केला. दिवा लागला. गाडा आपसूक धावायला लागला.

"खोली तुमचीच वहिनी," ते म्हणाले. आवाज एरवी चौकात जायचा, तो आज तिच्यापर्यंत जेमतेम पोचला.

भंगारवाल्याने उंबरा ओलांडलाच नव्हता. तो खिडकीतून डोकावून केव्हाच टेम्पोकडे वळला होता. "आत तुमचं माणूस कामाला बसलंय की साहेब," तो जाता जाता म्हणाला. "चालू मशीन कशाला मोडताय?"

त्या दिवशी दोघी जावांनी काम लवकर थांबवून दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत भावोजींची नक्कल केली. नक्कल करताना धाकटी खुर्चीला वळसा घालून जात होती. थोरलीही.

७

पुढच्या आठवड्यात मशीनने पुन्हा न सांगितलेलं काहीतरी विणलं. या वेळी बाह्या माणसाच्या होत्या, एका कोपराच्या. पाठ रुंद, पोटाशी ऐसपैस. थोरली जोडायला बसली तेव्हा तिला उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली लागला. तिने उसवून पाहिलं, टाके तपासले. चूक नव्हती. खांदा तसाच विणलेला होता. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर फरशांच्या नमुन्यांची पिशवी वागवली, की माणसाचा खांदा तसाच होतो.

तिच्या हातातली सुई थांबली. मग तिने पुन्हा सुरुवात केली. सुटं ठेवायचं नाही.

दुपारी, डोकं भाजून काढणाऱ्या उन्हातून, भावोजी दाराशी आले. दोन सदरे आणि त्यावर कोट घातलेला. ओठ निळसर पडलेले.

"वहिनी," ते अडखळत म्हणाले, "शिल्लक असला तर एखादा स्वेटर द्याल का? शनिवारपासून अंगातली थंडी जातच नाही."

एरवी तिने एखादा टोमणा मारलाच असता. आज तिने नुसता स्वेटर उचलला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी कोट काढून ठेवला आणि स्वेटर डोक्यातून घातला. हात बाह्यांत गेले, मनगटाची पट्टी मनगटावर बसली, उतरता खांदा उतरत्या खांद्यावर बसला. कितीतरी वर्षांत एवढा बेतशीर कपडा त्यांच्या अंगाला लागला नव्हता. त्यांच्या गालांवर रंग आला. ते लहान मुलासारखे स्वतःच्या बाह्यांवरून हात फिरवत राहिले, आणि मग तो हात उजव्या खांद्यापाशी थांबला.

"वहिनी," त्यांनी खुर्चीकडे न बघता विचारलं, "माझं माप कधी घेतलंत?"

"शनिवारी," थोरली म्हणाली, आणि तिने गाडा सोडला.